ठणका थांबला, तरी दाढ दाखवा

प्रश्न : खालची उजवी दाढ दिवसा फारशी त्रास देत नाही, पण रात्री पाठ टेकली की ठणकायला लागते. गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. शिल्लक असलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या, काही उपयोग झाला नाही.

उत्तर : निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलं आहे. दाताच्या कठीण कवचाच्या आत नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो, त्याला पल्प म्हणतात. कीड तिथवर पोहोचली की पल्पला सूज येते. गालाला सूज आली तर गाल फुगतो. पल्पला मात्र चारी बाजूंनी कडक भिंती, फुगायला जागाच नाही. सगळा दाब नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून रात्र वाईट जाते. गरमाने वाढणारं आणि गाराने शमणारं दुखणं हे पल्प आता सावरणार नाही याचं बऱ्यापैकी भरवशाचं लक्षण आहे.

हा दाब अँटिबायोटिकने सुटत नाही, आणि मरत चाललेल्या पल्पमध्ये रक्तच नीट पोहोचत नसल्याने औषधही पोहोचत नाही. सूज चेहऱ्यावर पसरली किंवा ताप आला तर त्या गोळ्यांचं काम असतं, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. घरातल्या उरलेल्या गोळ्या अशा घेऊ नका. इथे उपाय दोनच : रूट कॅनाल करून पल्प काढणं किंवा दाढ काढणं. दाढेचा वरचा भाग भरून घेण्याजोगा शिल्लक असेल तर रूट कॅनालच करा.

डेंटिस्टकडे जाईपर्यंत मोठ्या माणसाने इब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम जेवणानंतर एकत्र घ्यावं, पुन्हा लागलं तर 8 तासांनी. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी काम करतात, त्यामुळे एकट्या गोळीपेक्षा आराम जास्त पडतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकांनी उसळणारा दमा किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर इब्युप्रोफेन घेऊ नका. अशा वेळी पॅरासिटामॉलबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेही मोजा. झोपताना डोक्याखाली आणखी एक उशी घ्या. गाल शेकू नका.

प्रश्न : दुखऱ्या दाढेशेजारी हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवली. आता तिथे पांढरा चट्टा पडून आग होते. लवंगेचं तेल लावलं तर चालेल का?

उत्तर : तो चट्टा म्हणजे भाजल्याची जखम आहे. अॅस्पिरिन हे आम्ल. ते पोटातून रक्तात गेल्यावर वेदना कमी करतं, हिरडीवर ठेवलं तर फक्त हिरडी जाळतं. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा हलक्या गुळण्या करा, सहसा काही दिवसांत भरून येईल.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नस खरोखर बधिर करतं, पण तेही हिरडीला भाजतं. चट्टा भरेपर्यंत थांबा. नंतरही ते फक्त दिसणाऱ्या खड्ड्यात वापरायचं. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा कापसाचा बोळा घ्या, त्यावर तेलाचा एक थेंब टाका, दुसऱ्या कोरड्या कापसावर टिपून जास्तीचं तेल काढा आणि चिमट्याने बोळा खड्ड्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून चूळ भरा. तेल ओघळून हिरडीवर आलं तर बोळा ओला राहिला होता असं समजा. लहान मुलांना हे तेल अजिबात नको. थोडं पोटात गेलं तरी विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : महिनाभरापूर्वी दाढ असह्य दुखत होती, मग आपोआप थांबली. आता हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, तोंड खारट होतं. दुखत नाही, मग थांबू का?

उत्तर : थांबू नका. पल्प मेला म्हणून दुखायचं थांबलं. आतले जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरले आहेत आणि पुटकुळी ही पू बाहेर पडायची वाट आहे. वाट मोकळी आहे तोवर दाब साठत नाही, म्हणून शांत वाटतं. हाड मात्र झिजत राहतं. ही वाट बुजली की एका रात्रीत गाल सुजू शकतो. जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, तोंड न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, सोबत ताप असं काही दिसलं तर डेंटिस्टची वेळ मिळायची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. ही सूज श्वास कोंडू शकते.

प्रश्न : गार लागलं की सणक जाते, दोन-तीन सेकंदांत थांबते. ही कीड का?

उत्तर : असेलच असं नाही. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं तरी दात असेच शिवशिवतात, आणि त्याला बहुधा दाबून घासणं कारणीभूत असतं. मऊ ब्रश घ्या, पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. सणक गार दूर केल्यावरही अर्धा मिनिट रेंगाळू लागली तर लगेच दाखवा. चावताना नव्हे, तर चावून दात सोडताना कळ येत असेल तर दाढेला तडा गेल्याची शंका घ्या. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखून विसावल्यावर थांबत असेल तर आधी हृदय तपासा.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. दुधाच्या दाढा किडल्यात, त्या पडणारच ना?

उत्तर : पडतील, पण दहाव्या ते बाराव्या वर्षी. तोवर त्यांनी मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखायची असते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सगळ्यात मागे नवी दाढ येते. ती कायमची असते. पालक तिला दुधाची समजतात आणि ती आधी किडते. त्या दाढेच्या खोल खाचा डेंटिस्टकडून सीलंटने, म्हणजे खाचा बंद करणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्या.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा आणि पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. रात्रीचं घासणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते पाहा : प्रत्येक वेळी जंतू आम्ल करतात आणि लाळेला ते निववायला अर्धा तास तरी लागतो. तासातासाला एक बिस्किट खाणाऱ्या मुलीच्या दातांना तो अर्धा तास मिळतो न मिळतो तोच पुढचं बिस्किट येतं. दोन दाढांमध्ये ब्रश पोहोचत नाही. तिथे रात्री तुम्ही स्वतः दातांचा दोरा (फ्लॉस) फिरवा, साधारण आठव्या वर्षापर्यंत ते तिच्यावर सोपवू नका.