टॅब घ्यावा का, आणि घेतला तर तो कुणाचा?

‘ताई, मी वाळपईजवळ राहते. नवरा बोटीवर किचनमध्ये आहे, सात-आठ महिन्यांनी घरी येतो. मी फॅक्टरीत जाते. थोरला सातवीत, धाकटी तिसरीत. शाळेचा अभ्यास माझ्या मोबाईलवर येतो. संध्याकाळी सहाला मी घरी पोचले की दोघेही माझ्या पर्सवर तुटून पडतात. नवरा गणेश चवथीला येणार आहे, येताना 45 हजारांचा टॅब आणतो म्हणतो. सासूबाई म्हणतात, आमच्या पोरांनी पाटीवर शिकून बोट गाठली. जावेने तिच्या मुलाला कधीच टॅब घेऊन दिला, त्यावरून आमच्या थोरल्याचे रोज टोमणे. टॅब घ्यावा का? घेतला तर मुले बिघडतील का?’
— एक आई, सत्तरी तालुका, गोवा

बाई गं, सासूबाईंच्या त्या वाक्याला मी मनापासून हसले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आधी सरळ उत्तर देते. टॅब घ्या. पण 45 हजारांचा नको, बोटीवरून आणलेला नको, आणि मुलाच्या नावाने तर मुळीच नको.

पैशाचे आधी उरकते. अभ्यासाला दहा-अकरा इंची, साधा अँड्रॉइड टॅब पुरतो. तसा 15 ते 25 हजारांत म्हापशाला किंवा फोंड्याला दुकानात मिळतो, पक्क्या बिलासकट. बाहेरच्या देशात घेतलेल्या वस्तूची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. 32 जीबीवाला ‘स्वस्तात’ देतो म्हणाला तर घेऊ नका, चार व्हिडिओ आणि दहा ॲप टाकले की तो भरतो. 64 तरी हवा, 128 असला तर बरे. उरलेल्या पैशांतून धाकटीला एक चांगले टेबल-खुर्ची होईल. ती अजून पलंगावर पालथी पडून लिहीत असणार, खरे ना?

आता शाळेचे. टॅबमुळे मुले हुशार होत नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी इथल्या सरकारने पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब वाटले होते, आमच्या भाच्यालाही मिळाला होता. त्यावरच्या गेममध्ये त्याचे मोटारसायकल पळवणे तेवढे पक्के झाले. मशीन बिचारे काय करणार, घरात त्याच्याजवळ बसायला कुणी नव्हते. पण पाठ्यपुस्तकाचे पान सहा इंची मोबाईलवर बोटांनी ताणून ताणून वाचणे आणि ते दहा इंचांवर सबंध पाहणे यात खरोखर फरक पडतो. थोरल्याची जी पुस्तके एनसीईआरटीची असतील त्यांत धड्याजवळ ठिपक्यांचा चौकोनी कोड छापलेला दिसेल. सरकारच्या दीक्षा ॲपने तो स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ निघतात आणि ते उतरवून, म्हणजे डाउनलोड करून, ठेवता येतात. सत्तरीत हे मोठ्या कामाचे. 2020 साली तुमच्याकडची मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल. नेट असेल त्या रात्री उतरवून ठेवायचे, मग लाईट गेली तरी धडा चालू. गणित मात्र वहीतच. काचेवर बोटाने केलेला भागाकार परीक्षेत कामाला येत नाही.

सिमवाला टॅब घेऊ नका, नुसता वायफायचा घ्या. तुम्ही मोबाईल घेऊन फॅक्टरीत गेलात की त्याचे नेट आपोआप बंद. मुले दिवसा उतरवलेलेच पाहतील, बाकीचे तुम्ही आल्यावर तुमच्या हॉटस्पॉटवर. पासवर्डवरून भांडण नको, आणि पहारा देणाऱ्या ॲपचीही तितकीशी गरज नाही. तरी गुगलचे फॅमिली लिंक ॲप बसवून घ्या, रात्री साडेआठला टॅब बंद करण्यापुरते. ‘आई वाईट’ होण्यापेक्षा मशीन वाईट झालेले परवडते.

एक चूक मात्र करू नका. शाळेचे मेसेज टॅबवर दिसावेत म्हणून तुमचे व्हॉट्सॲप त्याला जोडू नका. जोडले की सगळेच येते, फक्त शाळेचा ग्रुप नाही. नवऱ्याने बोटीवरून रात्री काय लिहिले ते थोरला सकाळी चहाबरोबर वाचेल. बाईंनी पाठवलेला अभ्यास तुम्ही पाच मिनिटे मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा, आणि मोबाईल परत पर्समध्ये. तुमच्या पत्रात ‘माझा मोबाईल’, ‘माझी पर्स’ हे शब्द ज्या दमलेल्या सुरात आले आहेत, त्यावरून मला वाटते की टॅबची सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

नवऱ्याचे काय? आठ-आठ महिने पोरांपासून लांब असलेला माणूस महागडे काही आणतो तेव्हा त्याला टॅब आणायचा नसतो, चुकलेले वाढदिवस भरून काढायचे असतात. ‘परवडत नाही’ म्हणून तोडून टाकू नका, दुखेल. चवथीला आला की दोन्ही मुलांना घेऊन त्यालाच दुकानात पाठवा. बिल त्याने द्यावे, कव्हर धाकटीने निवडावे. आणि ठरवून घ्या, तो परत गेला की रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल टॅबवरच, व्हॉट्सॲपऐवजी दुसऱ्या कॉलिंग ॲपवर. मोबाईलच्या कॉलमध्ये धाकटीच्या वाट्याला बापाचा एक कान येतो. टॅब कपाटाला टेकवून ठेवला की तिघेही एका चौकटीत बसतात, आणि मागून आजीही डोकावते.

आजीवरूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. मुले बिघडतात ती दार लोटून एकट्याने पाहत बसली की. जावेकडचा टॅब ‘मुलाचा’ आहे, म्हणून तो त्याच्या खोलीत जातो. तुमचा टॅब घराचा. त्याची जागा बसायच्या खोलीत, दुपारी राखण आजीची. तिला त्यावर नवप्रभा नाहीतर गोमन्तक पेपर मोठ्या अक्षरांत काढून द्या, तिच्या आवडीचे भजन उतरवून ठेवा. आठवड्याभरात पाटी-पेन्सिल विसरून ‘माझ्या भजनाची वेळ झाली’ म्हणून त्याच थोरल्याच्या हातातून टॅब काढून घेतील. आमच्याकडे आत्याने हेच केले, कुणाची टाप नव्हती तिच्यापुढे.

चार्जिंगचे सांगायचे राहिले. आमचा टॅब एका पावसाळ्यात टीव्हीमागे दिवसरात्र चार्जरला लावलेला राहिला. बॅटरी पापडासारखी फुगली आणि स्क्रीन एका बाजूने उचलली गेली. दुकानदार म्हणाला, हात लावू नका, पिन काढून इकडे आणा. तेव्हा झोपताना पिन काढायची, आणि लाईट ये-जा करायला लागली तरी काढायची.

कव्हर जाड घ्या. आजी तो भजनाला पाटावर ठेवणार आणि पाटाशेजारी पाण्याचा तांब्या असणारच.