आपण काय काम करता?

प्रश्न : दवाखान्यात केसपेपर काढताना रुग्णाचा व्यवसाय विचारला जातो. आजाराचा कामाशी संबंध असतो, हे वैद्यकाच्या लक्षात केव्हा आले? गिरण्या आणि कारखाने सुरू झाल्यानंतरच का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही, त्याच्या बऱ्याच आधी. खाणकामगारांच्या छातीच्या विकारांविषयी युरोपात सोळाव्या शतकातच लिहिले गेले होते. जर्मन खाणतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅग्रिकोला यांच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात नवरे गमावलेल्या स्त्रिया आढळतात, असा उल्लेख आहे. मात्र निरनिराळ्या धंद्यांतील आजारांचा एकत्र आणि पद्धतशीर विचार करणारा पहिला मोठा ग्रंथ १७०० साली इटलीतील मोदेना येथे निघाला. त्याचे लेखक बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे तेथील वैद्यकाचे प्राध्यापक होते.

या ग्रंथाची कल्पना कशी सुचली, हे रामाझ्झिनी यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसला जात असताना एक कामगार जिवाच्या आकांताने काम उरकत असल्याचे त्यांना दिसले. इतकी घाई कशासाठी, असे विचारल्यावर त्याने वर पाहून सांगितले की, या जागी चार तासांहून अधिक वेळ थांबणे म्हणजे काय, हे अनुभव नसलेल्याला कळायचे नाही. ते आंधळे होण्यासारखेच आहे. तो बाहेर आल्यावर रामाझ्झिनी यांनी त्याचे डोळे तपासले, तेव्हा ते लालभडक आणि निस्तेज झालेले होते. घरी जाऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढाच उपाय या लोकांना ठाऊक होता. सडणाऱ्या मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे डोळ्यांचा दाह होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. रामाझ्झिनी यांच्यापाशी ते रसायनशास्त्र नव्हते, पण कामगाराचे म्हणणे खरे मानण्याची तयारी होती, आणि माझ्या मते तीच अधिक दुर्मीळ गोष्ट होय.

रुग्णाला कोणते प्रश्न विचारावेत, याची प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसपासून चालत आलेली यादी होती. त्यात रामाझ्झिनी यांनी ‘आपण काय काम करता?’ या एका प्रश्नाची भर घातली. कष्टकऱ्याच्या घरी गेलेल्या वैद्याने घाईने नाडी न पाहता, सोनेरी खुर्ची नसली तरी तीन पायांच्या साध्या तिवईवर बसून त्याची विचारपूस करावी, असेही त्यांनी बजावले. शिशाच्या झिलईने हात लुळे पडणारे कुंभार, पाऱ्याने बाधणारे व्हेनिसचे आरसेवाले, दिवसभर बसून लिहिल्याने हात दुखावणारे कारकून अशा अनेकांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरणे लिहिली.

आपण इचलकरंजीचे आहात, म्हणून एक प्रकरण मुद्दाम सांगतो. जवस व भांगेचे तंतू आणि रेशीम पिंजणाऱ्यांना त्या धुळीमुळे सतत खोकला येतो आणि दमा जडतो, हे रामाझ्झिनी यांनी यंत्रमाग जन्माला येण्यापूर्वीच नोंदवले होते. कापूस, जवस आणि भांगेच्या तंतूंच्या धुळीने होणाऱ्या अशाच विकाराला आज ‘बिसिनोसिस’ म्हणतात.