"आईला विलबद्दल विचारलं तर मी लोभी ठरेन का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते. त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि ज्या काकूंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय.

ही ताई पन्नाशीच्या अलीकडची, घटस्फोटानंतर गेली बारा वर्षं आईसोबत पुण्यात कर्वेनगरला राहते. भाऊ बंगळुरूला. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील २०१७ ला गेले, त्यानंतर कोणी कागद हलवलाच नाही, आणि आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. कोथरूड-कर्वेनगर भागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही, दर दोन गल्ल्यांमागे एक जुनी बिल्डिंग पत्र्याआड गेलेली दिसते. कमिटीनं प्रत्येकाकडे कागद मागितले तेव्हा कळलं की सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव आहे आणि नॉमिनी भाऊ आहे.

माझ्याकडे आली तेव्हा पंधरा दिवस धड झोपलेली नव्हती. म्हणाली, "मॅडम, नॉमिनी भाऊ म्हणजे फ्लॅट भावाचाच ना? आई आहे तोवर ठीक, नंतर मी कुठे जायचं? आणि आईला कसं विचारू, ती म्हणेल मी मरायची वाट बघतेयस का."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं तरी मी दिलं नाही, कारण कायद्याचं उत्तर समुपदेशकानं दिलं की लोक तेच धरून घरी जातात आणि भांडतात. त्यासाठी मी एका वकीलबाईंकडे पाठवते, शिवाजीनगर कोर्टात त्यांची वारसाची बरीच कामं चालतात. पण त्याआधी तिच्या आईला, म्हणजे काकूंना, एकदा भेटायचं ठरवलं, एकटीनं, मुलगी समोर नसताना.

काकू शहात्तर वर्षांच्या, एकदम खणखणीत. चहा झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, "लेकीला विल हवंय, कळतं मला. पण ते मी करणार नाही." का ते मी विचारलं नाही, थांबले. मग हळूहळू बोलल्या. नवऱ्यानं मंगळवारी डायरीत विल लिहिलं आणि पुढच्या मंगळवारी गेले. आठ दिवस. तेव्हापासून डोक्यात पक्कं की विल लिहिलं की माणूस जातो. मी त्यावर काही समजावायला गेले नाही, फक्त म्हटलं की त्या आठवड्याबद्दल सांगा. मग त्यांनीच सांगितलं की ऑपरेशन ठरलेलं होतं, डॉक्टरांनी कल्पना दिली होती, म्हणून ते लिहायला बसले होते. सांगता सांगता थांबल्या, खूप वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. एवढ्यावर भीती जात नाही, पण त्यातली गाठ जरा सैल झाली असं मला वाटलं.

ती डायरी कपाटात होती. कुणाला दाखवलीच नव्हती कारण त्यात "सगळं बायकोला" असं होतं आणि काकूंना वाटायचं फ्लॅट आपलाच आहे, मग दाखवायचं कशाला.

डायरी घेऊन आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पान बघितलं आणि विचारलं, दुसरा साक्षीदार कुठे आहे? खाली शेजारच्या काकांची एकच सही होती. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे विलवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, अक्षर स्वतःचं असलं तरी त्यातून सुटका नाही. म्हणजे ते विल कायद्यात टिकणारं नव्हतं, वडील विल न करता गेले असंच धरायचं, आणि मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी तिघांना सारखा वाटा, कारण आजी, म्हणजे वडिलांची आई, आधीच गेलेल्या, नाहीतर त्यांचाही वाटा आला असता. काकूंचा चेहरा पडला. नवऱ्यानं शेवटी प्रेमानं लिहिलेली गोष्ट एका सहीसाठी वाया गेली. मुलीचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणानं बदलला, बारा वर्षं ती स्वतःला त्या घरात पाहुणी समजत होती आणि तिचा एक तृतीयांश तिथे २०१७ पासूनच होता.

नॉमिनीचं वकीलबाईंनी सोप्पं करून सांगितलं: नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, मालक नाही. सोसायटीच्या कायद्यात २०१९ च्या बदलानंतर तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद म्हणूनच घेतात. कंपन्यांचे शेअर आणि म्युच्युअल फंड यांबद्दलही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, नॉमिनी असला म्हणून तो वारसांना बाजूला सारून मालक होत नाही.

मला खरी काळजी भावाची होती. गणपतीत तो आला तेव्हा तिघांना एकत्र बसवलं. तो चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. म्हणाला, "बाबांनी नॉमिनी मला केलं होतं, म्हणजे काहीतरी विचार करूनच ना?" सगळे त्याला हिस्सेदार म्हणून बघत होते, आणि त्याच्यासाठी तो कागद म्हणजे वडिलांनी टाकलेला विश्वास होता. मी त्याला वकीलबाईंचाच शब्द सांगितला, सांभाळणारा. बाबांनी तुमच्यावर आई आणि बहीण सोपवली असं वाचता येतं का बघा. तो बराच वेळ गप्प होता. मग बहिणीला विचारलं, "तुला खरंच वाटलं मी तुला बाहेर काढीन?" ती रडली. दोघं बारा वर्षांत या विषयावर एकदाही बोलले नव्हते, फोनवर फक्त आईच्या गोळ्या आणि लाइट बिल.

मग मुलीनं आईला विचारलं, पण "माझ्या नावावर कर" असं नाही. आम्ही आधी ठरवलेलं वाक्य होतं, "आई, तुझ्या मागे मी कुठे राहू याची मला रात्री झोप लागत नाही." मी सगळ्यांना हेच सांगते, की वाट्याबद्दल विचारू नका, तुमच्या काळजीबद्दल बोला, कारण आईला वाट्याचं उत्तर देताना एका मुलाला निवडावं लागतं आणि काळजीचं उत्तर ती नुसती आई म्हणून देऊ शकते.

पुढचं काम वकीलबाईंचं. त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं की मी काकूंची वकील आहे, तुम्ही दोघं हवं तर आपापला सल्ला घ्या. भावाबहिणीनं आईच्या नावे हक्कसोड करावी का हा विषय निघाला, तेव्हा मुलीला म्हणाल्या, घाई करू नका, वाटा आईला दिला की तो पुढे आईच्या विलवर अवलंबून, आणि विल माणूस हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो. शेवटी कोणीच हक्क सोडला नाही, सोसायटीत तिघांची नावं लावायचं ठरलं आणि बिल्डरबरोबरचा करारही तिघांच्या नावे. काकूंनी विलमध्ये आपला एक तृतीयांश मुलीला दिला, एफडी आणि दागिने मुलगा-नातवाकडे. सध्याचा फ्लॅट पडून नवा मिळेल तेव्हा त्यातला वाटाही याच हिशोबानं, हे वाक्य वकीलबाईंनी मुद्दाम घातलं, कारण जुन्या फ्लॅटचा नंबर लिहिलेलं विल बिल्डिंगच उरली नाही की वादात पडू शकतं.

विल वाचून सही करताना मुलांना बाहेर बसवलं होतं. साक्षीदार दोन, दोघांना काहीही मिळणार नव्हतं, आणि काकूंपेक्षा बरेच तरुण, कारण पुढे वाद झाला तर कोर्टात साक्षीदारच लागतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं. एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे पुढचं सगळं पार पाडणारा, म्हणून काकूंचा भाचा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, विलला स्टॅम्प ड्यूटीही लागत नाही, तरी हवेलीच्या दुय्यम निबंधक ऑफिसात जाऊन केलं. "पण मग कोर्टात जाऊन प्रोबेट करायला लागणार का?" हे काकूंनी दोनदा विचारलं. प्रोबेट म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. उत्तर असं, की मुंबईत वर्षानुवर्षं प्रोबेट लागायचं म्हणून सगळीकडे लागतं असा समज आहे, पुण्यातल्या मिळकतीला ते सक्तीचं नव्हतंच. कोणी वाद घातला तर एक्झिक्युटर कोर्टाकडून विल खरं ठरवून घेऊ शकतो, तेव्हा इतर वारसांना नोटीस जाते, हरकत आली तर पुरावा होतो, आणि त्याला वेळ लागतो. एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही, त्याजागी प्रशासनपत्र, म्हणजे मिळकतीची व्यवस्था लावायचा कोर्टाचा अधिकार, मागावं लागतं, म्हणून ते एक नाव जरूर लिहा.

सहीचा दिवस काकूंनी स्वतः निवडला, गुरुवार. मंगळवार नको म्हणाल्या, मीही नको म्हटलं. आठ दिवस मुलगी रोज रात्री आईच्या खोलीत झोपली, तिनंच नंतर सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी साडेसातला काकूंचा फोन. "मॅडम, झाले हो आठ दिवस." मग विचारलं की वकीलबाईंचा नंबर मिळेल का, वारज्याच्या बहिणीला हवाय, तिच्याकडे पण डायरीच आहे.