पेन्शन विकायची घाई करू नका

प्रिय बाई,

येत्या महिन्यात 58 पूर्ण होऊन तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होताय. नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन. शेवटचं मूळ वेतन 80,000. मुलाला फ्लॅट घ्यायचाय, म्हणून पेन्शनच्या कागदांत अंशराशीकरणाच्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याच्या रकान्यात त्यानं पेन्सिलीनं ‘40 टक्के’ लिहून ठेवलंय आणि ‘आई, फक्त सही कर’ म्हणतोय. नाही म्हटलं तर तो दुरावेल, या धास्तीनं तुमची झोप उडालीये.

बाई, आत्ता सही करू नका. निवृत्तीनंतर वर्षभरात केव्हाही अर्ज केलात तरी वैद्यकीय तपासणी लागत नाही. वय वाढलं की रक्कम किंचित घटते, एवढंच. तोवर मुलासमोर बसून हा हिशोब मांडा. तुमची पेन्शन 40,000. त्यातली 40 टक्के विकली की साधारण 16 लाख हाती येतील आणि पुढची 15 वर्षं दरमहा 16,000 कापले जातील. म्हणजे एकूण 28,80,000. महागाई भत्ता पूर्ण 40,000 वर मिळत राहील, तुमच्या पश्चात कपातही थांबेल, हे खरं. पेन्शन विकणं मुळात वाईट नाही, पुष्कळ शिक्षक विकतात. पण ते पैसे त्यांच्याच नावावर राहतात. तुमचे सगळेच्या सगळे दुसऱ्याच्या घरात जाणार आणि कपात मात्र तुम्ही 73 व्या वर्षापर्यंत सोसणार. औषधपाणी वाढायची वर्षं नेमकी हीच.

यजमानांना पेन्शन नाही, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. आज दोघांचा आधार ही एकच पेन्शन आहे. उद्या तुम्ही नसलात तर त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण सुरुवातीचा वाढीव दराचा काळ सोडला तर ते मूळ वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 24,000 आणि त्यावरचा भत्ता. त्यांच्यासाठी आत्तापासून काही बाजूला पडायला हवं.

सरकारी पेन्शनवर सावकारालाही जप्ती आणता येत नाही, 1871 च्या कायद्यानं तसं संरक्षण दिलंय. जे सावकाराला मिळत नाही, ते पोटच्या पोरानं मागितलं म्हणून देऊन टाकायचं का? मुलाला मदत जरूर करा, पण ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीतून. किती द्यायचे तो आकडा आधी तुम्ही दोघांनी ठरवा, मग मुलगा आणि सून दोघांनाही बसवून सांगा: “घरासाठी आम्ही एवढे देऊ. पेन्शन आमच्या दोघांच्या म्हातारपणाची आहे.” कारणं देत बसू नका, नाहीतर प्रत्येक कारणावर वाद होईल. रक्कम मोठी असेल तर करारनाम्यात तुमचंही नाव घालायला सांगा. त्यात संकोच कसला?

तो काही दिवस फुगून बसेल, बसू द्या. इतकी वर्षं वर्गात तुम्ही मुलांना नाही म्हणत आलात, म्हणून काही ती तुमच्यापासून तुटली नाहीत. आणि आई-बाप पैशासाठी त्याच्याच तोंडाकडे बघायला लागले, तर दुरावा त्यानंच जास्त वाढेल.

कागद जमा करण्याआधी सेवापुस्तकातल्या नोंदी आणि नामनिर्देशन एकदा स्वतः वाचा. पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड तुमच्याच पर्समध्ये असू द्या.