पशुपालकांचे प्रश्न : कालवड नेमकी कधी विणार?

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित कालवड पहिल्यांदाच विणार आहे. कास भरून दहा-बारा दिवस झाले, तरी वेणा नाहीत. घरातले आळीपाळीने रात्री जागतोय. शेजारचे म्हणतात, पाय दिसले की लगेच ओढायचं. काय करावं?
– एक वाचक भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, नुसती कास भरली म्हणून जागरण करू नका. पहिलारूची कास विण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासूनही भरत जाते. आधी रेतनाची (गाय भरवल्याची) तारीख काढा. गाय साधारण 280 ते 285 दिवसांत विते. जुनी माणसं नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, तो हिशेब बरोबरच आहे.

तारीख जवळ आली की मी कासेआधी शेपटीच्या बुडाला हात लावतो. दोन्ही बाजूंना एरवी दोरीसारखी ताठ शीर बोटाला लागते. ती मऊ पडून हाताला सापडेनाशी झाली, तिथे खळगा दिसू लागला, म्हणजेच पुठ्ठे खचले, की बहुतेकदा दिवसभरात गाय विते. निरण (योनिमुख) सुजून सैल होतं, घट्ट सोट (चिकट स्राव) लोंबतो, सड तट्ट होतात. जागायचं ते त्या रात्री.

मग ती चारा सोडते, ऊठबस करते, शेपूट वर धरते, पोटाकडे वळून बघते. पहिलारूत हे बारा तासही चालतं. या वेळी तिच्याभोवती गर्दी नको. कोरडी, मोकळी जागा द्या आणि लांबून लक्ष ठेवा.

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली की घड्याळ बघा. पुढचे दोन पाय, खुरांचे तळवे जमिनीकडे आणि त्यावर टेकलेलं नाक, असं दिसलं तर वासरू सरळ आहे. कळ देऊ द्या, ओढू नका. वाट पुरती उघडण्याआधी ओढल्याने फाटलेल्या कालवडी मी टाके घालून वाचवल्या आहेत. काही वाचल्याही नाहीत. म्हणून शेजाऱ्यांचं ऐकू नका, असं कळकळीने सांगतो.

तासाभरात वासरू पुढे सरकलं नाही, एकच पाय आला, नुसतं नाक आलं किंवा तळवे आभाळाकडे असले (म्हणजे बहुधा मागचे पाय), तर लगेच डॉक्टरांना बोलवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

वासरू पडल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा गोणपाटाने खसाखसा पुसून कोरडं करा. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. वार (जार) पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवू नका. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. लोंबणाऱ्या वारेला दगड बांधू नका, हातानेही ओढू नका.