देव न मानता चांगलं-वाईट कसं ठरवायचं?

धर्म सोडल्यावर नीतीला आणि जगण्याला आधार कशाचा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नीतीची मुळं धर्मापेक्षा खोल आहेत.

2006 साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांसमोर मोठ्या माणसाला वेगवेगळ्या अडचणी येत; उदाहरणार्थ, कपडे वाळत घालताना माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. बहुतेक मुलं कुठल्या ना कुठल्या अडचणीत स्वतःहून मदतीला गेली, शाबासकी किंवा खाऊची वाट न बघता. चिमटा मुद्दाम टाकला, तर मात्र ती सहसा जागची हलत नव्हती. म्हणजे समोरच्याची गरज त्यांना कळत होती!

अर्थात ही सहज येणारी माया बऱ्याचदा आपल्या माणसांपुरती असते. परक्यापर्यंत ती पोचवायला विचार लागतो. मी स्वतःला विचारते: याचा त्रास कोणाला होणार, आणि त्याच्या जागी मी असते तर? उत्तर दरवेळी सोपं नसतं, पण ते टाळून वर बोट दाखवायची सोयही नसते, आणि मला हे योग्य वाटतं.

जगण्याचा अर्थ आयता मिळत नाही. मनापासून केलेलं काम, आजारी माणसाच्या उशाशी काढलेली रात्र, कोणाला तरी शिकवणं, यातून तो मला पुरेसा मिळतो.

विश्वासाचं म्हणाल तर पुरावा असेल तेवढाच.

धर्म सोडल्यावर एक उणीव खरी भासते: दुःखात धर्म माणसं जमवतो. तुम्ही एकटे असाल तर आधी चार जिवाभावाची माणसं जोडा, तत्त्वज्ञान नंतर वाचा.