व्हाइट स्पॉटसाठी पट्टीची चाचणी मिळत असेल, तर पीसीआरचा खर्च वाचेल का?

तुमचा तलाव व्हेनामी जातीच्या कोळंबीचा आहे आणि व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगासाठी करोनाच्या किटसारखी पट्टी मिळाली तर पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) लॅबला नमुने पाठवायची कटकट संपेल का, असं विचारलंय. मी कोकणातल्या कोळंबी तलावांचे नमुने तपासतो. माझ्या मते तलावात मर लागल्यावर पट्टी कामाची, बीज (तलावात सोडायची पिल्लं) घेताना मात्र तिच्यावर विसंबू नका.

मर लागली की बांधाकडेला सुस्त फिरणारी, खाणं सोडलेली कोळंबी उचला; चेक ट्रेवर (खाद्य किती खाल्लं ते बघायच्या ताटलीवर) ताव मारणारी नको. तिचे कल्ले किंवा पोटाखालचे पोहण्याचे पाय कापून किटमधल्या द्रावणात चांगले चिरडा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी पट्टीवर सोडा. या विषाणूच्या आवरणात व्हीपी28 नावाचं प्रथिन असतं. अशा पट्ट्यांत सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडं हे प्रथिन धरतात आणि 15-20 मिनिटांत दुसरी लाल रेघ उमटते. बायोसेन्सरचा, म्हणजे जैविक रेणूच्या मदतीने रोग ओळखणाऱ्या साधनाचा, हा एक साधा प्रकार. व्हेनामीच्या कवचावर पांढरे ठिपके दिसतीलच असं नाही, त्यामुळे नुसत्या नजरेपेक्षा ही रेघ बरी.

इलेक्ट्रोडवर डीएनएचा तुकडा बसवून विजेतला बदल मोजणारे सेन्सर, क्रिस्परच्या (डीएनएचा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या) चाचण्या यांवरही बरंच संशोधन झालंय. पण प्रयोगशाळेतल्या शुद्ध डीएनएवर मिळालेला निकाल चिरडलेल्या कोळंबीच्या लगद्यात तसाच मिळेल, हे मी तलावावर बघितल्याशिवाय मानणार नाही.

बिजाचं गणित वेगळं. पीसीआर विषाणूच्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती काढून मग शोधतो. पट्टी आहे तेवढंच बघते, म्हणून थोडा विषाणू असेल तर रेघ येतच नाही. शिवाय लॉटमधली 2 टक्के पिल्लं बाधित असतील, तर त्यातलं एक तरी 95 टक्के खात्रीने हाती लागायला साधारण 150 पिल्लं घ्यावी लागतात. चार पिल्लं पट्टीवर टाकून लॉट पास करणं म्हणजे जुगार. लॅबला मोठी पिल्लं देणार असाल तर डोळे काढायला सांगा, डोळ्यांतले घटक पीसीआरला अडवतात. आणि ‘एसपीएफ’ बिजाला रोग होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माद्या ठरावीक रोगांपासून मुक्त होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

वाढ खुंटली असेल, साइझ खालीवर असेल तर बहुधा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी बघावा लागेल. तो विषाणूच नाही, तिथे ही पट्टी गप्प बसेल.

रेघ आलीच तर औषधं शोधत फिरू नका, या रोगाला औषध नाही. पाणी आत-बाहेर करणं बंद, जाळी-बादल्या दुसऱ्या तलावावर न्यायच्या नाहीत. माल विकण्याजोगा असेल तर पाणी न सोडता जाळ्याने काढा, मग तलावात क्लोरीन मारा आणि त्याचा अंश उतरल्यावरच पाणी खाडीत सोडा. शेजारच्या तलाववाल्याला मात्र त्याच दिवशी फोन करा, तोही त्याच खाडीचं पाणी उचलतो.